पहाऱ्यावरचे मासे

१

सकाळी कामावर गेले की पर्स खाली ठेवायच्या आधी मी माशांकडे बघते. आमच्या पाणीपुरवठा केंद्रात नदीचं पाणी गाळणीकडे जाण्यापूर्वी त्यातली एक बारीक धार काचेच्या टाकीतून फिरवून नेलेली आहे. टाकीत नदीतलेच मासे असतात, रुपेरी, ओठांच्या कडेला दोन-दोन मिशा असलेले. त्यांना आम्ही पहारेकरी म्हणतो. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई, माझ्याकडे नळ्या आहेत, यंत्रं आहेत, पण पाण्यात काही वाईट आलं तर ते आधी माशाला कळतं आणि मग माझ्या यंत्राला. मासे वर येऊन तोंडं वासायला लागले की सावध व्हायचं. मासे मेले की नदीकडचा व्हॉल्व बंद करायचा आणि धरणावर फोन करायचा. मग धरणवाल्यांनी खालचं दार बंद करून वरचं उघडायचं आणि जलाशयाच्या वरच्या थरातलं ताजं, कोमट पाणी सोडायचं. नियम एवढाच आहे. मासे जिवंत असतील तर गाव पाणी पितं.

मी स्वतः ते पीत नाही. हे चारचौघांत सांगायचं नसतं, पण लग्नाचा स्वयंपाक करणारा आचारीही घरी जाऊनच जेवतो, त्यातलाच हा प्रकार. प्रयोगशाळेच्या मागे धरणाच्या आधीपासूनची एक विहीर आहे. तिचं पाणी मी कॅन भरून घरी नेते. जरा मचूळ लागतं. आमचे चिरंजीव त्याला आईचं औषध म्हणतात आणि स्वतः नळाचं पितात. सूनही नळाचंच पिते.

सुनेला घरात सगळे गडबड म्हणतात. तिने ते नाव कमावलेलं आहे. घरीच शिवणकाम करते आणि एका हाताने मशीन चालवताना दुसऱ्या हाताने आणखी तीन कामं करते. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. औषधं झाली, तपासण्या झाल्या, शेवटी आम्ही तिघांनी तो विषयच काढायचा नाही असं न बोलता ठरवलं. आणि मग एक दिवस तिने जिन्यातूनच ओरडून सांगितलं, अजून दारापर्यंत पोचलीही नव्हती. खालच्या मजल्यावर आमच्या आधी कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले, कारण डोळ्यांत पाणी आलं की मला लोकांसमोर उभं राहता येत नाही.

२

ऊन तापायला लागलं की टाकीतल्या माद्यांची पोटं भरतात. यंदाही भरली. व्हॉल्व सांभाळणारा आमचा माणूस, त्याच्या आवाजामुळे त्याला भोंगा म्हणतात, मला म्हणाला की बाई, तुमच्या घरात आणि आमच्या टाकीत एकदमच बाळंतपणं निघणार. मी त्याला दटावलं, पण मनातून मला ते आवडलं होतं.

हे मासे अंडी वाळूत टाकतात आणि निघून जातात. मागे वळून बघत नाहीत. दरवर्षी टाकीच्या तळाच्या खड्यांत मोहरीसारखी पिवळसर अंडी दिसायची. यंदा एका सकाळी बघते तर माद्यांची पोटं उतरलेली, आणि खड्यांत अंडी नाहीत. भोंगा म्हणाला, खाल्ली असतील. मी खडे चाळणीत घेऊन धुऊन पाहिले. एकही अंडं मिळालं नाही.

मत्स्य खात्याचे साहेब फेरीला आले तेव्हा मी त्यांना दाखवलं. त्यांनी आधी धरणाची चौकशी केली. वरचं दार दुरुस्तीला काढलंय, सगळा उन्हाळा पाणी खालच्या दारातून येतंय, हे मी सांगितलं. खालचं पाणी म्हणजे जलाशयाच्या बुडाशी वर्षानुवर्षं ऊन न लागलेलं पाणी. गार, दमलेलं, हवा कमी असलेलं. माझ्या तपासणीत ते बसतं, कसंबसं बसतं.

"मग सोपं आहे," साहेब म्हणाले. "पाणी तापेल म्हणून मादी अंडी धरून बसते. पाणी तापलंच नाही, की ती अंडी परत अंगात जिरवते. दुःखबिःख काही नसतं हो. तिच्या लेखी ती अंडी नव्हतीच कधी."

मग त्यांनी आमच्याकडचा चहा घेतला, नळाच्या पाण्याचा, चांगला झालाय म्हणाले आणि गेले.

३

पोट दिसायला लागल्यावर गडबडने आपले सगळे गाऊन उसवून सैल केले होते. रोज संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा ती शिलाई उसवत असायची आणि तोंडाने बाळाचं वर्णन चालू असायचं, नाक कोणाचं, कान कोणाचे. कान तुमचे येऊ देणार नाही, असं तिने मला बजावलं होतं.

एका संध्याकाळी घरी आले तर मशीनचा आवाज येत होता, पण सावकाश. इतका सावकाश, की मला आधी वाटलं दुसरंच कोणी बसलंय. ती तेच गाऊन घेऊन बसली होती आणि कमरेत टिपा घालून ते पुन्हा घट्ट करत होती. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, ढगळ होतायत. मी तिच्याकडे नीट बघितलं. ती उभी राहिली, दिवा लावायला गेली, आणि दिव्याच्या उजेडात मला तिची बाजू दिसली.

पोट होतं, पण मागच्या आठवड्याहून कमी होतं.

माणसाचं डोकं अशा वेळी वकिलासारखं चालतं. मी स्वतःला समजावलं की बाळ खाली सरकलं असेल, तिने कपडा वेगळा घातला असेल, मला चष्मा बदलायचा आहे. रात्रभर मी हे समजावत राहिले. सकाळी ती ओट्याशी उभी राहून नळाचं पाणी पेल्यात भरून घेत होती. पेला भरून वाहायला लागला तरी ती नळाकडे बघत उभी होती. तिला मी कधीच असं नुसतं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

४

कोपऱ्यावरच्या सुताराला आम्ही पाळणा सांगितला होता. सांगितला कसला, गडबडने त्याच्या डोक्यावर बसून त्याच्याकडून दांड्यांना गोलाई आणवून घेतली होती. बाळाच्या बोटाला कुसळ लागायला नको म्हणून दर दोन दिवसांनी जाऊन ती दांड्यांवरून हात फिरवून यायची.

मी कामावरून येताना तिथे थांबले. सुतार म्हणाला, तयार आहे की, घेऊन जा. आणि त्याने कोपऱ्यातून चपला ठेवायचं स्टँड काढून दिलं.

मी म्हटलं, मी पाळणा सांगितला होता. तो चिडला नाही, हसलाही नाही. त्याने स्टँडवर हात ठेवला आणि आठवायचा प्रयत्न केला. खरोखर प्रयत्न केला, मला त्याच्या कपाळावर दिसत होतं. मग म्हणाला, तुमच्या सूनबाई परवा येऊन बघून गेल्या, उंची बरोबर आहे म्हणाल्या. मी ते स्टँड हातात घेतलं. दांड्या त्याच होत्या. चपलांसाठी कोणी इतक्या गुळगुळीत दांड्या करत नाही.

त्याच्या दुकानात मागच्या भिंतीला तसलीच आणखी स्टँडं रांगेने लावून ठेवलेली होती. यंदा मागणी आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, असेल.

५

मी तिला दवाखान्यात नेलं. ती नाही म्हणाली नाही. हल्ली ती कशालाच नाही म्हणत नव्हती. डॉक्टरीणबाई आमच्या ओळखीच्या, याच बाईंनी पहिल्यांदा ठोके ऐकवले तेव्हा माझा हात धरला होता. त्यांनी गडबडला तपासलं, पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, तब्येत छान आहे, वजनही उतरलंय. मी बाळाचं विचारलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल काळजी होती. बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या.  दोघी-तिघींचा हात सवयीने पोटावर गेलेला होता आणि तिथे काय करावं हे त्या हाताला कळत नव्हतं.

त्याच दिवशी मी घरातला नळ बंद केला. विहिरीच्या पाण्याचे कॅन ओट्यावर ओळीने मांडले आणि तिला सांगितलं, यापुढे हेच प्यायचं, हेच स्वयंपाकाला. ती बरं म्हणाली. संध्याकाळी आले तर कॅन रिकामे, नळाखाली ओला पेला, आणि खिडकीतल्या कुंड्या तुडुंब. मी ओरडले. इतक्या वर्षांत तिच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, मला मचूळ लागतं आई.

चिरंजीवांना मी बाजूला घेतलं. म्हटलं, अरे, तुझं बाळ होतं. तू त्याच्यासाठी भिंत रंगवलीस.

"आई," तो म्हणाला, "तू दमली आहेस. तुला नातवंड हवं होतं ते मला माहीत आहे. पण आपण तो विषय काढायचा नाही असं ठरवलंय ना?"

त्याने हे इतक्या मायेने म्हटलं की मी मान हलवून उठले. त्या रात्री मला खरंच वाटायला लागलं की वेड मलाच लागलंय. सगळं गाव एक बोलतंय आणि एक म्हातारी दुसरं, तर कोणाचं खरं धरायचं? भिंत रंगवलेली होती, पण भिंती काय, माणसं रंगवतातच. आणि त्याहून वाईट म्हणजे मी जेवण घरचंच जेवत होते, नळाच्या पाण्यात शिजलेलं. नंतर एक दिवस असा गेला की दुपारपर्यंत मला बाळाची आठवणच झाली नाही. आठवण झाली तेव्हा मी हातातला डबा खाली ठेवला आणि रडायला बसले. रडू आलं नाही. नुसतीच बसून राहिले.

६

तिचं पोट अजून थोडं होतं. हाताच्या ओंजळीएवढं. मला तेवढ्याचा धीर होता. धरणातलं वरचं कोमट पाणी आलं तर अजून काही तरी वाचेल, असं मी धरून चालले होते.

धरणावर फोन केला. तिथले इंजिनियर सभ्य गृहस्थ. वरच्या दाराची दुरुस्ती झालीय म्हणाले, पण वरचं पाणी टंचाईसाठी राखून ठेवलंय, कारण असल्याशिवाय उघडता येत नाही. कारण काय लागतं ते मला पाठ होतं, तरी त्यांनी विचारलं.

"मासे मेले का?"

"नाही."

"मग बाई, काय म्हणून उघडू?"

मी म्हटलं, बायकांची पोटं उतरतायत.  पलीकडे कुठेतरी पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले की आमच्याकडेही सगळं ठीक आहे, आणि फोन ठेवला. मी काही विचारलंच नव्हतं.

फोन ठेवून मी टाकीशी गेले. मासे धारेकडे तोंड करून एका जागी तरंगत होते. खाणं टाकलं तर ते त्यांच्या तोंडापुढून वाहत गेलं. काचेवर टिचकी मारली तर एकही बिचकला नाही. भोंगा माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याची पावलं वाजली नव्हती. भोंगा म्हणजे गेटापासून ऐकू येणारा माणूस.

जिवंत आहेत ना, त्याने हळूच विचारलं.

आहेत, मी म्हटलं.

मग झालं, तो म्हणाला आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसला.

त्याच्या पाठीकडे बघताना मला ते सुचलं. आमच्यासारख्यांनाच सुचेल असली गोष्ट. धरणाला मेलेले मासे हवे होते, आणि मासे माझ्या हातात होते.

७

हे आज दुपारचं. जेवणाच्या सुट्टीत भोंगा बाहेर बाकावर जाऊन बसला आणि मी आतून कडी लावली. टाकीत येणारी धार बंद केली. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली, हात राखला नाही. नाकात झणझणलं, डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत त्या टाकीला मी साबणाचा हातसुद्धा लावू दिला नव्हता. माशांची मी मनात माफी मागितली आणि बादली ओतली.

पाणी दुधाळ झालं. एव्हाना मासे उलटे व्हायला हवे होते. कल्ले फाडून तोंडं वर यायला हवी होती. मी काचेला कपाळ लावून वाट बघत राहिले.

एकही मासा उलटा झाला नाही. ते हलले मात्र. धारेकडचं तोंड सोडून सगळे सावकाश वळले आणि टाकीच्या लांबच्या कोपऱ्यात तळाशी गेले. तिथे त्यांनी गोल केला, डोकी आत, शेपट्या बाहेर, आणि सगळ्यांचे पंख एकसारखे हलायला लागले. खालून दुधाळ पाणी बाजूला सारायला लागले. ही जात अंड्यांवर उभी राहत नाही. मी हे पुस्तकात वाचलंय, डोळ्यांनी पाहिलंय, नव्या मुलांना शिकवलंय. टाकतात आणि निघून जातात.

मी कपाटातला हातदिवा आणला आणि काचेला लावला. पंखांच्या फटीतून खडे दिसत होते. खड्यांवर काही तरी फिकट होतं. मी म्हटलं प्लास्टिक असेल, शिंपला असेल, दिव्याचंच प्रतिबिंब असेल. मग सगळ्यात मोठी मादी जराशी सरकली.

एक टाच होती. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी, गुलाबी, सुरकुतलेली. तिने एकदा मागे रेटा दिला, बाळं पांघरूण ढकलतात तसा. मग मादी परत जागेवर आली.

मी धार सोडली. दोन्ही हातांनी चक्र फिरवून पूर्ण सोडली. स्वच्छ पाणी येईपर्यंत मी काय बोलत होते ते मला ठाऊक नाही, पण बोलत होते. दुधाळपणा वाहून गेला. मासे एकेक करून कोपऱ्यातून निघाले, धारेकडे तोंड करून आपापल्या जागी येऊन तरंगायला लागले. कोपऱ्यात खडे होते. मी बाही कोपरापर्यंत भिजवून सगळे खडे हाताने चाचपले. खडेच होते.

दार वाजलं. मी कडी काढली. भोंग्याने वास घेतला, बादलीकडे पाहिलं, माझ्या ओल्या बाहीकडे पाहिलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला.

नाही मेले, मी सांगितलं.

८

घरी आले. दारात चपलांचं स्टँड होतं, त्यात मी चपला ठेवल्या.

गडबड मशीनवर नव्हती. ती खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसली होती. गाऊन तिला अगदी बरोबर बसला होता, कुठे ओढलेला नाही, कुठे ढगळ नाही. मी विचारलं, बरी आहेस ना? माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"आता बरी आहे," ती म्हणाली. "दुपारी जेवायच्या वेळेला पोटात एकदम आग झाली हो आई. इथे, खाली. ओरडावंसं वाटलं. मग थांबली."

"मग?"

"मग काही नाही. थांबली ती थांबलीच."

मी तिच्याजवळ खाली बसले. तिला सांगावं असं मला वाटलं. तिचा तो हक्क होता. कोणाला तरी शिव्या घालायचा, डोकं आपटायचा, मला घराबाहेर काढायचा. मी तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहिला. तो शांत होता. इतकी वर्षं औषधं घेताना, दर महिन्याला न्हाणीघरात जाऊन दार लावून घेताना, तिचा चेहरा एकदाही असा शांत नव्हता. ते सगळं तिला परत द्यायचं का, आणि कोणाच्या सोयीसाठी? माझ्याच ना?

ती उठली. दमलेल्या दिसता, पाणी देते म्हणाली. तिने माझ्या कॅनकडे पाहिलं. मग नळाखाली पेला धरला, भरला, आणि माझ्यापुढे ठेवला. चिरंजीव आतून आले आणि आमच्याजवळ बसले. 

पेल्याला बाहेरून घाम आला होता. मी तो उचलला आणि प्यायले. पाणी गार होतं, कशाचाही वास नव्हता, विहिरीच्या पाण्यापेक्षा गोड होतं. अर्ध्यावर थांबून मी आठवून पाहिलं. टाच अजून आठवत होती, तिच्यावरच्या सुरकुत्यांसकट.

मी उरलेलं पाणी संपवलं आणि पेला सुनेपुढे केला. म्हटलं, अजून दे.